गीतमालेची यादी आणि आपली जबान

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. ताम्रपट, शिलालेख, नाणी, सनदा, फर्माने, पत्रव्यवहार अशी उत्तरे मुले लिहितात आणि आम्ही गुण देतो. गाण्यांच्या यादीला या साधनांत कोणी जागा दिलेली नाही. आमच्या मते ती द्यायला हवी. एखाद्या काळात सरकार काय म्हणत होते हे सनदेवरून कळते. त्याच काळात पानपट्टीवर, इराण्याच्या हॉटेलात आणि घराच्या ओट्यावर बसलेला माणूस काय ऐकत होता, हे मात्र दुसऱ्याच कागदावरून कळते. 'बिनाका गीतमाला' या रेडिओ कार्यक्रमाच्या वार्षिक याद्या हा असा एक कागद आहे.

या कार्यक्रमाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक लेखनात जुन्या आठवणींचा गोडवा असतो. बुधवारची संध्याकाळ, रात्रीचे आठ, शॉर्टवेव्हची खरखर आणि 'बहनो और भाइयो' अशी ती साद. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी यांचे मुंबईत वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा या आठवणींना पुन्हा बहर आला. आम्हांला इथे त्या आठवणींच्या पलीकडे जायचे आहे. ती यादी कोणत्या परिस्थितीत जन्मली, तिच्यात कोणाची नावे आली आणि त्या नावांचा आपल्या भाषेशी काय संबंध, एवढाच आमचा विषय आहे.

१९५२ : दिल्लीतील दरवाजा

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे, संगीताचे जाणकार आणि निश्चयाचे पक्के. १९६२ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, हे खाते त्यांच्याकडे होते. भारतीय संगीताची घसरण झाली आहे आणि ती थांबवणे हे नभोवाणीचे कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. चित्रपटगीते त्यांना उथळ वाटत. त्यांतील पाश्चात्त्य ताल आणि वाद्यमेळ त्यांना खटके. शृंगारिक शब्दही त्यांना रुचत नसत.

मग ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटगीतांना चाळणी लागली. प्रमाण कमी करण्यात आले. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते नाव सांगणे बंद झाले. चित्रपट निर्मात्यांना हे मानवले नाही. त्यांनी गाणी वाजवण्याची दिलेली परवानगी काढून घेतली आणि काही महिन्यांतच सरकारी नभोवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोक या प्रकरणाला 'बंदी' म्हणतात. कागदावर तशी बंदी नव्हती. दोन्ही बाजूंनी दोरी ताणली आणि ती तुटली. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम मात्र बंदीचाच होता.

केसकरांविषयी लिहिताना न्यायाने लिहावे. शास्त्रीय संगीताचा 'राष्ट्रीय कार्यक्रम' १९५२ मध्येच सुरू झाला. आकाशवाणीचे संगीत संमेलन १९५४ पासून भरू लागले. संस्थाने विलीन झाली, दरबार उठले आणि दरबारी गवई-बजवय्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांना आधार देणारी सर्वांत मोठी संस्था नभोवाणीच ठरली. तिचा लाभ अनेक मुस्लिम उस्तादांनाही झाला.

हे मान्य करूनही दुसरी बाजू सांगावी लागते. केसकरांच्या विचारांत असा एक सूर होता की, उत्तर हिंदुस्थानी संगीत मुसलमान गवयांच्या हाती गेल्यामुळे त्याची हानी झाली. संस्कृत न जाणणाऱ्या या गवयांनी ते धर्मापासून तोडले आणि घराण्यांच्या कोंदट खोलीत गुपित म्हणून दडवून ठेवले, असा तो आक्षेप होता. आम्ही या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी लांब जात नाही. केसकरांच्याच पुण्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली 'आर्य संगीत विद्यालय' काढले. नावातच 'आर्य' शब्द आणि चालवणारा किराण्याचा मुसलमान गवई. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. कोल्हापूरला राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ यांनी भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांना शिकवले. गुपित दडवणारे असे शिष्य तयार करत नसतात. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. तिथे गाणारा कोण आणि ऐकणारा कोण याची मोजदाद कोणी धर्माने करत नाही.

संगीताबरोबर भाषेचाही प्रश्न होता. फाळणीनंतर उर्दूकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. घटना समितीत 'हिंदुस्तानी'चा आग्रह मागे पडला आणि देवनागरीतील हिंदी राजभाषा झाली. घटनेच्या ३५१ व्या कलमात हिंदुस्तानीचे नाव आहे, पण नव्या शब्दांसाठी मुख्य आधार संस्कृतचा, असेही तिथेच म्हटले आहे. नभोवाणीच्या बातम्यांतील हिंदी इतकी संस्कृतप्रचुर होत गेली की, 'आता हिंदीत बातम्या ऐका' असे म्हणण्याऐवजी 'आता बातम्यांत हिंदी ऐका' असे म्हणावे, हा विनोद त्या काळी सर्वतोमुखी झाला होता.

कोलंबोची खिडकी

दिल्लीचा दरवाजा मिटला तेव्हा दक्षिणेकडे एक खिडकी उघडी होती. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली शॉर्टवेव्ह केंद्र उभारले होते. युद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री सिलोन सरकारकडे आली. त्यातून रेडिओ सिलोन उभे राहिले आणि १९५० मध्ये त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. तोफांच्या काळातील ट्रान्समीटर प्रेमगीतांच्या कामी आला. त्याचा आवाज हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोचत असे.

गंमत अशी की, सिलोनवरून ऐकू येणारे बरेचसे कार्यक्रम मुंबईतच तयार होत. जाहिरातदार मुंबईत, गायक-संगीतकार मुंबईत, ध्वनिमुद्रणही मुंबईत. टेप विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून तोच आवाज समुद्रावरून परत आपल्या घरी येई. आपल्याच गावचे पाणी परगावच्या नळाने प्यावे, तसा तो प्रकार होता.

३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला'चा पहिला कार्यक्रम झाला. बिनाका हे सिबा कंपनीच्या टूथपेस्टचे नाव. सुरुवातीला कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस. निवेदकाला आठवड्याचे पंचवीस रुपये. प्रस्थापित निवेदकांनी एवढ्या पैशांत एवढे काम अंगावर घेतले नाही, म्हणून ते विशीतल्या अमीन सयानींकडे आले. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा ६५ हजारांवर गेला, असे सयानी पुढे मुलाखतींतून सांगत. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाले. तेव्हा स्पर्धा बंद झाली आणि कार्यक्रम एक तासाचा, सोळा गाण्यांचा व लोकप्रियतेच्या क्रमाचा झाला.

क्रम कसा ठरे? देशभरच्या दुकानांतून रेकॉर्ड किती खपल्या याची माहिती गोळा केली जाई. पुढे ठिकठिकाणच्या श्रोता संघांचे कौलही घेतले जाऊ लागले. नुसत्या फर्माईशीच्या पत्रांवर भिस्त ठेवली तर कोणीही गठ्ठ्याने पत्रे टाकून आपले गाणे वर चढवू शकतो, हे सयानींनी ओळखले होते. इंग्रजीत ज्याला 'रँक' म्हणतात त्याला त्यांनी 'पायदान' हा शब्द दिला. पाय ठेवायची पायरी. वरच्या पायदानाला 'चोटी', तिथे पोचलेल्या गाण्यासाठी बिगूल, आणि फार काळ टिकून मानाने निवृत्त होणारे गाणे 'सरताज'. लोकांना हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत.

तीन लिप्यांचे घर

ही भाषा सयानींकडे कोठून आली? ते जन्मले मुंबईत, २१ डिसेंबर १९३२ रोजी, गुजराती बोलणाऱ्या कुटुंबात. सुरुवातीचे शिक्षण गुजराती माध्यमात, पुढे ग्वाल्हेरची सिंदिया शाळा आणि मुंबईचे सेंट झेवियर्स. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजी निवेदक. त्यांच्या बोटाला धरून अमीनही लहानपणीच इंग्रजी कार्यक्रमांत गेले. पुढे हिंदी निवेदनासाठी चाचणी दिली, तेव्हा उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे म्हणून सरकारी नभोवाणीने त्यांना नापास केले. हा किस्सा ते स्वतःच हसत सांगत.

खरी शिदोरी त्यांना घरात मिळाली. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या. मुंबईतील मोहल्ल्यांत फिरून, पडद्यातल्या बायकांना त्यांच्या घरीच शिकवण्याची सोय त्यांनी केली. गांधीजींच्या प्रोत्साहनाने त्यांनी 'रहबर' हे पाक्षिक चालवले, १९४० पासून १९६० पर्यंत. हे पाक्षिक नवसाक्षरांसाठी होते आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा एकच : सोपी हिंदुस्तानी. ज्याला जी लिपी येते त्याने ती वाचावी, अर्थ सर्वांना सारखाच पोचावा. अमीन या पाक्षिकाच्या कामात आईला मदत करत. कठीण शब्द गाळायचा, सोपा शब्द शोधायचा, वाक्य लहान करायचे, ही तालीम त्यांना तिथे मिळाली. कुलसुमबींना १९६० साली पद्मश्री मिळाली, चिरंजीवांना २००९ साली.

आम्ही बी.एड. केले तेव्हा 'ज्ञातापासून अज्ञाताकडे', 'सोप्याकडून कठिणाकडे' ही सूत्रे पाठ केली. 'रहबर'चे पान म्हणजे या सूत्रांचा पाठच म्हणायचा. मायलेकांच्या कामाकडे एकत्र पाहिले की त्यांतला सारखेपणा लक्षात येतो. आईने जी जबान तीन लिप्यांत छापली, तीच मुलाने लिपीशिवाय, नुसत्या आवाजाने घराघरांत पोचवली. सयानींच्या निवेदनात ना जड फारसी ना जड संस्कृत. 'बहनो' आधी आणि 'भाइयो' नंतर, हा क्रमही ज्या घरात आईने बायकांना शिकवण्यात आयुष्य घातले त्या घरात शोभणारा होता.

यादी वाचताना

आता ती यादी. वर्षअखेरीस गीतमालेत त्या वर्षीच्या गाण्यांचा एकंदर क्रम जाहीर होई. पहिली वार्षिक यादी १९५३ ची. त्या वर्षापासून १९६३ पर्यंतच्या अकरा वर्षांत पहिल्या पायदानावर कोणते गाणे होते, हे आम्ही इथे चित्रपटाच्या आणि गीतकाराच्या नावाने देतो.

१९५३ : 'अनारकली', गीतकार राजेंद्र कृष्ण.
१९५४ : 'टॅक्सी ड्रायव्हर', साहिर लुधियानवी.
१९५५ : 'श्री ४२०', शैलेंद्र.
१९५६ : 'सी.आय.डी.', मजरूह सुलतानपुरी.
१९५७ : 'जनम जनम के फेरे', भरत व्यास.
१९५८ : 'सोलवाँ साल', मजरूह.
१९५९ : 'चलती का नाम गाडी', मजरूह.
१९६० : 'बरसात की रात', साहिर.
१९६१ : 'ससुराल', हसरत जयपुरी.
१९६२ : 'जंगली', हसरत.
१९६३ : 'ताजमहल', साहिर.

अकरांपैकी आठ गाणी तीन उर्दू शायरांची आहेत. साहिर तीन, मजरूह तीन, हसरत दोन. केसकर मंत्री असतानाच्या दहा याद्या घेतल्या, म्हणजे १९६२ पर्यंत, तर दहांपैकी सात. उरलेल्यांपैकी राजेंद्र कृष्ण यांची लेखणीही उर्दूतच वाढलेली. ज्या दशकात नभोवाणीच्या भाषेतून उर्दू शब्द वेचून बाहेर काढले जात होते, त्याच दशकात लोक पदरचे पैसे मोडून तीच भाषा विकत घेत होते. रेकॉर्ड फुकट मिळत नव्हती. रेडिओ ठेवायलाही पोस्टातून लायसन काढावे लागे.

या तिघांची आयुष्येही पाहण्यासारखी आहेत. मजरूह शिक्षणाने हकीम. मुशायऱ्यासाठी मुंबईत आले आणि इथलेच झाले. १९४९ च्या सुमारास सरकारविरोधी कवितेबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार, १९९३ चे मानकरी. हसरत यांचे खरे नाव इक्बाल हुसेन. मुंबईत बसवर कंडक्टर होते. दिवसा तिकिटे फाडायची, रात्री मुशायऱ्यात गझल वाचायची. साहिर तर आधीच 'तल्खियाँ'मुळे प्रसिद्ध झालेले. रेडिओवर गायक-संगीतकाराबरोबर गीतकाराचेही नाव सांगितले जावे, यासाठी ते हट्टाने भांडले. आज निवेदक गीतकाराचे नाव घेतो, त्यामागे हे भांडण आहे.

यादीतील पहिले नाव आम्हांला विशेष बोलके वाटते. १९५३ चे 'अनारकली'. कथा मोगल दरबाराची, शब्द उर्दू, लिहिणारा पंजाबी हिंदू. संगीत कोणाचे? सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. आवाज लता मंगेशकरांचा. एक मराठी मंत्री दिल्लीत अशा गाण्यांना दरवाजा लावत होता आणि एक मराठी संगीतकार व एक मराठी गायिका असेच गाणे पहिल्या पायदानावर चढवत होते. मराठी माणूस या वादात एकाच बाजूला नव्हता, हे यादी आपल्याला सांगते. गोव्याचे दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता, साहिरच्या शब्दांना 'धूल का फूल' आणि 'धर्मपुत्र'मध्ये चाली देत होते. पाश्चात्त्य वाद्यमेळ सांभाळणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर ख्रिस्ती वादकही याच मुंबईत होते. एका रेकॉर्डवर जेवढे धर्म आणि जेवढ्या भाषा एकत्र येत, तेवढ्या एका सरकारी समितीतही येत नसतील.

गायकांकडे पाहिले तर या अकरांपैकी सहा गाण्यांत मोहम्मद रफींचा आवाज आहे. त्यांत १९५७ चे भरत व्यासांचे गाणेही आले. चित्रपट पौराणिक-धार्मिक वळणाचा, शब्द हिंदी वळणाचे, संगीत एस. एन. त्रिपाठींचे आणि गायला रफी व लता. श्रोत्यांनी तेही डोक्यावर घेतले. पुढे १९६४ साली राधेचे नाव घेणारे 'संगम'मधील गीत पहिले आले. म्हणजे श्रोते उर्दूच्या बाजूने किंवा हिंदीच्या विरोधात मत देत नव्हते. जे कानाला भावले आणि मनाला कळले त्याला ते मत देत होते. याद्यांतून काही शिकायचे तर आधी हे शिकावे.

आणखी एक नोंद. शकील बदायुनी यांचे नाव या अकरा वर्षांत पहिल्या पायदानावर एकदाही नाही. नौशाद-शकील जोडीचे 'मुघल-ए-आझम' १९६० चे, पण त्या वर्षी वर राहिले 'बरसात की रात'. याच शकील यांना पुढे सलग तीन वर्षे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. म्हणजे जाणकारांचा कौल आणि दुकानातला कौल वेगळा असू शकतो. गीतमालेची यादी उत्तम गाण्यांची यादी नव्हे. रेकॉर्ड खरेदी करू शकणाऱ्या शहरी माणसाचे पारडे तिच्यात जड असणार. शिवाय सगळा खटाटोप टूथपेस्ट खपवण्यासाठी होता, हेही विसरू नये. साधन वापरताना त्याच्या मर्यादा सांगणे हा इतिहास लिहिणाऱ्याचा धर्मच आहे.

सरकारचे पाऊल मागे

श्रोते कोलंबोकडे वळले आणि त्यांच्या मागोमाग जाहिरातीचा पैसाही वळला. हे दिल्लीला दिसत होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती सुरू झाली. तिची कल्पना व आखणी पंडित नरेंद्र शर्मांची. शुभारंभाचे गीत त्यांनीच लिहिले, अनिल विश्वास यांनी स्वरबद्ध केले आणि मन्ना डे यांनी गायले. शर्मा हिंदीचे कवी, तरीही कार्यक्रमांच्या नावांत त्यांच्या चमूने सोवळे पाळले नाही. 'जयमाला'च्या शेजारी 'हवामहल' आणि 'मनचाहे गीत'च्या शेजारी 'आपकी फरमाइश'. फर्माईश हा शब्द फारसीचा. मंत्र्यांच्या खात्याने तो बाहेर ठेवला असता तर लोकांनी आपली आवड कोणत्या शब्दात कळवली असती? १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर येथे. पुढे १९८९ मध्ये खुद्द गीतमालाच विविध भारतीवर आली. ज्या घरातून बाहेर पडावे लागले त्या घरी ती सदतीस वर्षांनी पोचली.

फर्माईशीवरून झुमरी तिलैयाचे नाव निघणारच. अभ्रकाच्या खाणींचे हे लहानसे गाव, तेव्हा बिहारमध्ये, आता झारखंडात. तेथून इतक्या फर्माईशी येत की, असे गाव खरेच आहे का, अशी शंका लोकांना येई. गावातील हौशी लोकांत पत्रे पाठवण्याची चढाओढ असे. नकाशावर न सापडणाऱ्या गावाने आपले नाव देशाला पाठ करायला लावले. पंधरा पैशांच्या कार्डाची ही ताकद होती.

कान आणि लिपी

इथवरचे वाचून एखाद्या वाचकाची छाती अभिमानाने फुगेल. आमचीही फुगते. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि आम्हांला या यादीची दुसरी बाजू रोज दिसते. गीतमालेने उर्दू शब्द कोट्यवधींच्या कानांत नेले. डोळ्यांत नेले नाहीत. गाण्यातील शब्द आवडणारा माणूस ती लिपी शिकेलच असे नाही, आणि तो ज्या भाषेचे शब्द गुणगुणतो तिला ती भाषा म्हणून ओळखेलच असेही नाही. चित्रपट 'हिंदी', गाणे 'हिंदी', आणि उर्दू म्हटले की ती फक्त मुसलमानांची. ही समजूत त्याच वर्षांत पक्की झाली ज्या वर्षांत साहिर आणि मजरूह पहिल्या पायदानावर होते. एखादी भाषा एकाच वेळी लोकप्रिय आणि परकी असू शकते, हे या काळाने दाखवून दिले.

आपल्या समाजातही काही वेगळे घडले नाही. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत बोली वेगवेगळी. कोठे कोकणी, कोठे दखनी, कोठे अस्सल मराठी. 'शुद्ध' उर्दू आपल्यापैकी अनेकांना मदरशातून आणि शाळेतून मिळाली, तशीच ती रेडिओतूनही मिळाली. गाणे ऐकणे बरे नव्हे म्हणणारे वडीलधारेही होते. त्यांच्या घरी आवाज हळू असे, एवढाच फरक. वर्गात आजही एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर मूल पाठ्यपुस्तकाआधी गाण्याचा आधार घेते. आम्ही त्याला रागावत नाही. अर्थ कळला की मग तोच शब्द लिहायला लावतो. ऐन कोठे, अलिफ कोठे, हे कानाला कळत नाही. ते हातालाच शिकवावे लागते.

आणि मराठीच्या तासालाही हेच करता येते. हजेरी, दप्तर, कागद, शाई, तारीख हे शब्द मराठी शाळेतले म्हणून मुले शिकतात आणि ते आपल्या उर्दूच्या पुस्तकातही आहेत हे पाहून चकित होतात. केसकरांना जी भेसळ वाटत होती, ती मराठीच्या रोजच्या बोलण्यात शतकानुशतके आहे. ती वेचून काढायची तर शाळेला शाई उरणार नाही.

कुलसुमबींच्या 'रहबर'कडे आम्ही म्हणूनच पुन्हा वळतो. त्यांनी भाषा एक ठेवली आणि लिप्या तीन दिल्या. चिरंजीवांचा आवाज देशभर गाजला, आईचे पाक्षिक १९६० साली बंद पडले आणि आज ते पाहिलेला माणूस शोधून सापडत नाही. आवाजाचे काम सोपे नव्हते, पण त्याला प्रायोजक मिळाला. लिपीच्या कामाला टूथपेस्टची कंपनी मिळत नाही. ते शाळेने, ग्रंथालयाने आणि घराने करायचे असते. महाराष्ट्रात उर्दू शाळा पुष्कळ आहेत आणि आपल्या मुलांना देवनागरी तर येतेच. एकाच मजकुराचे मुलांसाठी उर्दू आणि मराठी असे जोडपान काढणे हे एखाद्या शाळेच्या हस्तलिखितालाही जमण्यासारखे आहे.

दुसरे एक काम वडीलधाऱ्यांनी करावे. अनेक घरांत जुन्या वह्या आहेत. दर बुधवारी ऐकता ऐकता पायदानांचा क्रम उतरवून घेतलेल्या. कोणी उर्दूत लिहिला, कोणी मराठीत, कोणी गुजरातीत. सुरुवातीच्या काळातले ध्वनिमुद्रण थोडेच उरले आहे, त्यामुळे या वह्या म्हणजे दस्तऐवज आहेत. त्या रद्दीत घालू नयेत. शाळेत, वाचनालयात द्याव्यात, निदान नातवंडांकडून त्यांची नीट नक्कल करून घ्यावी. कोणत्या बुधवारी कोणते गाणे वर होते हे त्यांतून कळेलच. ते कोणत्या लिपीत उतरवले गेले, हे त्याहून अधिक मोलाचे आहे.